उजव्या खांद्याखालची उसण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. अशा माणसाबद्दल आमच्याकडे दोन गोष्टी सांगतात. एक, त्याच्यावर वीज पडते. म्हणून आभाळ गडगडलं की अव्वा, म्हणजे माझी आई, मला दंडाला धरून घरात ओढायची. दुसरी गोष्ट अशी, की कुणाच्या पाठीत उसण भरली आणि पायाळू माणसानं तिथं डावा पाय तीनदा लावला, की ती उतरते. वीज अजून पडलेली नाही. उसणी मात्र मी सहा वर्षांची असल्यापासून उतरवत आले.

जळकोटला आमचं भांड्यांचं दुकान, मागे घर. सकाळी शाळेला निघण्याआधी ओट्यावर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. कधी हमाल, कधी शेजारचा किराणावाला, एकदा तर मठातले स्वामी. रिवाज ठरलेला होता. पाय लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही, आणि उठल्यावर मागे वळून बघायचं नाही. एरवी मला ‘ए पोरी, बाजूला हो’ म्हणणारी माणसं माझ्या पायाखाली मुकाट पडून राहतात, याची मला फार मजा वाटायची. खोटं कशाला सांगू, मोठी झाल्यावरही वाटायची. पुढे लातूरला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. अंधश्रद्धेवरचा धडा ज्या आठवड्यात शिकवला, त्याच आठवड्यात हेडमास्तरांना स्टाफरूमच्या टेबलावर पालथं पाडून त्यांची उसण उतरवली. "बाई, हे बाहेर बोलू नका," असं म्हणत ते ताठ चालत वर्गावर गेले. मी दिवसभर खुशीत होते.

इतक्या पाठी पायाखालून गेल्यावर पायाला काही गोष्टी कळायला लागतात. उसण भरलेल्या पाठीत, मणक्याच्या शेजारी, एक पीळ बसलेला असतो. दोरीला बसतो तसा, कडक. त्यावर टाच आली की माणूस कळवळतो, मग दोन-तीन श्वासांत पीळ सुटत जातो आणि खालची पाठ रुंद होते. मी मनाशी म्हणायचे, स्नायू आखडला होता, दाबानं मोकळा झाला. विज्ञानाचं आणि पायाचं मी माझ्यापुरतं असं जमवून टाकलं होतं, आणि त्यात मला काही चुकीचं दिसत नव्हतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी अण्णाचा फोन आला. अण्णा माझा थोरला भाऊ, बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. दुकान त्यानं सांभाळलं आणि मला डी.एड.पर्यंत शिकवलंही त्यानंच.

"माय, उसण भरली बग," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला माय म्हणतो. "वरच्या फळीवरचा हंडा काढाया गेलो, तर उजव्या खांद्याखाली धरलं. दसऱ्याला येतीसच की, जरा पाय लाव."

गेले. दुकानामागच्या खोलीत सतरंजीवर तो पालथा पडला. मी भिंतीला हात धरला, त्याच्या उजव्या फऱ्याखाली, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडाखाली, डावा पाय ठेवला आणि पिळाची वाट बघितली. पीळ लागला नाही. पाठ मऊ होती, एखाद्या निजलेल्या माणसाची असावी तशी. मी पाय जरा वर सरकवला, जरा खाली, मणक्याजवळ आणला. काहीच नाही. आणि अण्णा कळवळलाही नाही. बोलायचं नसतं, तरी मी विचारलं, "नेमकं कुठं दुखतंय?"

"आत हाय कुठंतरी," तो जमिनीकडे तोंड करून म्हणाला. "तू लाव."

तीनदा पाय लावला. तो उठला, खांदा फिरवून बघितला. "गेली बग," म्हणाला, आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. वैनी दारात उभी होती. ती म्हणाली, "चार दिवस झाले, लई बेजार झाले होते. तुमच्या पायाला गुण हाय बाई." मला खटकलं होतं. चांगलंच खटकलं होतं. पण गुण आलाय म्हणणाऱ्या दोन माणसांसमोर ‘मला पायाखाली काही लागलंच नाही’ असं म्हणणारी मी नव्हते. मी पुरणपोळी खाल्ली आणि लातूरला परतले.

दिवाळीत पुन्हा भरली. मग मार्गशीर्षात, आमच्याकडच्या वेळ अमावस्येला. मग संक्रांतीला. दर वेळी उजवीकडेच, दर वेळी तीच मऊ पाठ, आणि दर वेळी तो उठून म्हणायचा, गेली बग. मी अधल्यामधल्या रविवारीही उदगीरमार्गे एसटीनं जायला लागले. पंधरा दिवस बरं वाटायचं, पुढे आठ, पुढे चारच. ह्याला मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, वय झालं, आता पायाचा असर कमी टिकतो. विज्ञानाच्या बाईंनी हे म्हटलं.

घरात आणखीही काहीबाही चाललं होतं, ते मला दिसत होतं. अण्णाची पॅण्ट कमरेला थांबेना, वैनीनं तिला नाडी घालून दिली होती. आम्ही दोघं हसलो त्यावर. गरम भज्यांची परात समोर आली तर पूर्वी पहिला हात त्याचा पडायचा. आता म्हणायचा, नको, मळमळतंय. अंग खाजायचं म्हणून वैनीनं तीन साबण बदलले. शिवरात्रीला उपास सोडताना त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मी म्हटलं, शुगर तपासून घे. "तपासू की, फिकीर कशाला करतीस," तो म्हणाला. ती त्यानं तपासली नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

माझी लेक नांदेडला दिलीय. शिवरात्रीनंतर आठवड्यानं तिच्याकडे गेले, तेव्हा माझीच मान धरली होती. स्वतःचा पाय स्वतःच्या मानेला लावता येत नाही, ही पायाळू माणसाची गोची. लेक मला एका बाईंकडे घेऊन गेली. त्या ऑस्टिओपॅथी करायच्या. परराज्यात राहून शिकून आल्या होत्या. आत गेल्या गेल्या त्यांनी सांगितलं, "मला डॉक्टर म्हणू नका. मी हातानं बघते आणि हातानंच काम करते. गोळ्या देत नाही." मला त्या तिथंच आवडल्या. मी पायवाली, या हातवाल्या.

त्यांनी मला उताणं झोपवलं आणि मानेला हात लावायच्या ऐवजी उजव्या बरगड्यांखाली तळवा ठेवला.

"मान दुखतेय माझी," मी म्हटलं. "पोट काय चाचपताय?"

"मान दुखते हे खरं. पण दुखणं जिथं असतं तिथंच ते बोलतं असं नाही," त्या म्हणाल्या. तळवा हलला नाही. "हे तुमचं यकृत. ते पोटात नुसतं ठेवलेलं नसतं. श्वासाचा जो पडदा असतो ना, त्याला ते टांगलेलं असतं, दिवसभर श्वासाबरोबर वर-खाली होतं. त्या पडद्याची नस निघते मानेतून. खांद्याच्या कातडीची नसही तिथूनच. त्यामुळं खाली काही बिघडलं की मेंदू गोंधळतो, त्याला वाटतं खांदाच दुखतोय. एका मीटरवर दोन घरं असली की खालच्या घरात शॉर्ट झालं तरी वरच्या घरातली लाईट जाते, तसं."

हे मला पटलं. मी शाळेत मुलांना श्वासाचा पडदा शिकवते, फुग्याचं आणि बाटलीचं मॉडेल करून दाखवते. पण त्याची नस मानेतून येते हे मी कधी पुढे वाचलं नव्हतं. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. हृदयाचं दुखणं डाव्या हातात आणि जबड्यात उतरतं. मूत्रपिंडाचं कमरेतून जांघेत. जठराचं दोन फऱ्यांच्या मधोमध, आणि गर्भाशयाचं माकडहाडाच्या वर. "एवढं डॉक्टरही मानतात," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पुढचं, म्हणजे अवयव आपल्या जागी चिकटून बसतात, त्यानं लांबचे स्नायू ओढले जातात, हातानं ते मोकळे करता येतात, हे आमचं म्हणणं. सगळे मानत नाहीत. मीही तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

त्यांच्या हाताखाली माझा श्वास खोल व्हायला लागला आणि मान खरोखरच थोडी हलकी वाटली. मला बढाई मारायची लहर आली. मी म्हटलं, "आमच्या घरीही हेच चालतं मॅडम, फक्त पायानं. भावाची उजव्या खांद्याखालची उसण दसऱ्यापासून मीच उतरवतेय."

तळवा थांबला.

"दसऱ्यापासून? तीच?"

"तीच. उतरते, पुन्हा भरते."

"वाकताना वाढते का? वजन उचलताना?"

"छे. हंडे उचलतो की तो. दुकान आहे भांड्यांचं."

"तुम्ही पाय ठेवता तेव्हा त्यांना दुखतं? ओरडतात?"

"नाही," मी म्हटलं. हे उत्तर देताना माझा आवाज उतरला, तो मलाच ऐकू आला.

"तेलकट खाल्लं तर?"

मी भज्यांचं सांगितलं.

"वजन उतरलंय?"

मी नाडीचं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"अंग खाजतं का त्यांचं?"

मी उठून बसले. साबणाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. त्या बाईंनी अण्णाला पाहिलेलं नव्हतं, त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि त्या जळकोटच्या आमच्या घरात शिरून एकेक दार उघडत चालल्यासारख्या विचारत होत्या. मला भीती वाटली. अशी भीती मला पूर्वी फक्त अव्वाच्या शेवटच्या दिवसांत वाटली होती.

त्यांनी हात बाजूला घेतला आणि स्टुलावर बसल्या. "माझ्याकडे आणू नका त्यांना," त्या म्हणाल्या. "हे हाताचं काम नाही. पायाचंही नाही. सोनोग्राफी करा, रक्त तपासा. उद्याच करा."

"काय असेल?"

"मला माहीत नाही. साधे खडेही असतील. पण जे दुखणं दाबून वाढत नाही, वाकून वाढत नाही, ते तिथलं नसतं. तिथं नुसती त्याची बोंब ऐकू येते."

मी लेकीच्या घरी जेवायलाही थांबले नाही. उदगीरच्या एसटीत बसले. ती कंधारवरून जळकोटला जाते. फोनवर सांगून उपयोग नव्हता. अण्णा फोनवर सगळ्याला हाव म्हणतो आणि करत काहीच नाही. वाटेत उन्हानं भाजलेली काळी रानं होती, कुठं कुठं करडई उभी होती. शेजारच्या बाईनं मला दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी मनात पाठी मोजत होते. दसरा, दिवाळी, वेळ अमावस्या, संक्रांत, मधले रविवार. इतक्या वेळा मी त्या पाठीवर उभी राहिले होते.

तिसऱ्या प्रहरी पोचले. अण्णा दुकानाच्या पायरीवर ऊन घेत बसला होता. एरवी मी त्याला आतल्या खोलीत, ट्यूबलाईटच्या उजेडात बघायची. उन्हात त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीचं बोट लागल्यासारखं दिसलं.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "कालपासून पुन्हा भरलीय. चल, लाव पाय."

मी आत गेले आणि वैनीसमोर सांगून टाकलं. नांदेडच्या बाई, यकृत, पडदा, मीटर, सगळं. उद्या पहाटेच्या गाडीनं लातूरला जायचं, असं मी म्हटलं. अण्णानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खांदा दुखतोय तर पोटाचा फोटो काढाया सांगती का ती? तुला खुळी करून सोडली तिनं. तुझ्या पायानं बरं वाटतंय मला. आधी पाय लाव, मग बगू."

"अण्णा, पायात काही नाही."

"न्हाई कसं? मला कळतंय की." त्याचा चेहरा पडला. "का गं, कंटाळलीस का आता? दर आठवड्याला यावं लागतंय म्हणून?"

मी सतरंजी टाकली. तो पालथा पडला. मी भिंतीला हात धरला आणि, आयुष्यात पहिल्यांदा, उजवा पाय ठेवला. तीनदा. ज्या पायाला आमच्या रिवाजात काही किंमत नाही तो पाय. पाठ नेहमीसारखीच मऊ होती, फक्त आता तिच्यात बरगड्या लागत होत्या.

"गेली बग," अण्णा म्हणाला, आणि उठून बसला.

"मी उजवा पाय लावला," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं, आता पटलं. पण तो हसला. "मग काय झालं? उजवा काय न् डावा काय, तुझाच हाय न्हवं?"

माझ्याकडचं हत्यार असं वाया गेलं. त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. विश्वासाशी वाद घालता येत नाही, तेही मीच सहाव्या वर्षापासून पोसलेल्या. एकच गोष्ट उरली होती, जी मी कुणालाही सांगितली नव्हती. स्वतःलाही धड सांगितली नव्हती. मी त्याच्यासमोर खाली बसले.

"अण्णा, उसण असली की पायाला पीळ लागतो. तुझ्या पाठीत तो कधीच लागला नाही. दसऱ्याला पण नाही. मला त्या दिवशीच कळलं होतं, हे पाठीचं नाही."

वैनी चहाचे कप घेऊन आली होती. ती तिथंच थांबली.

"दसऱ्याला?" अण्णानं विचारलं.

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

खरं उत्तर मला माहीत होतं. तू उठून ‘गेली बग’ म्हणालास, आणि ते मला आवडलं. एवढंच होतं ते. तुला आलेला गुण माझा होता आणि मला तो परत द्यायचा नव्हता. पण मी म्हटलं, "तुला बरं वाटत होतं ना." तेही खरंच होतं, पण ती पळवाट होती, आणि मला वाटतं ते त्यालाही कळलं. शाळेत असताना मी चुकीची बेरीज केल्यावर तो जसा बघायचा तसा त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"पिशवी भर," तो वैनीला म्हणाला. "एक धोतर टाक. पॅण्ट नको, सुटती."

दुसऱ्या दिवशी लातूरला आम्ही तिघं सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. त्यानं काही खायचं नव्हतं, म्हणून आम्हीही खाल्लं नाही. तो गावातल्या लग्नांबद्दल बोलत होता. कुणाची मागणी किती कळशांची, कुणी स्टीलच्या ऐवजी तांब्याचं मागतंय. नाव पुकारल्यावर मी बरोबर आत गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अण्णाच्या पोटावर जेल लावलं, यंत्र उजव्या बरगड्यांखाली टेकवलं, आणि पहिली दोन मिनिटं ते शेजारच्या नर्सशी काहीतरी गमतीचं बोलत होते. मग बोलणं थांबलं. यंत्र एका जागी गेलं, बाजूला गेलं, पुन्हा त्याच जागी आलं. "श्वास घ्या काका. धरा. सोडा." पुन्हा तीच जागा. पडद्यावर मला नुसतं करडं दिसत होतं. मला त्या पडद्यातलं काही कळत नाही, पण वर्गात उत्तर येत नसलेलं पोर ज्या तऱ्हेनं शांत होतं त्याहून ही शांतता वेगळी होती. उत्तर कळलेल्या माणसाची होती.

त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं. गाठ पित्ताशयापासून सुरू झालीय, म्हणाले, आणि यकृतात बऱ्याच ठिकाणी पसरलीय. सीटी करू, मोठ्या डॉक्टरांना दाखवू, पण ऑपरेशनची वेळ गेली असावी. हे ते हळू बोलले. खोली मात्र लहान होती.

मग ते अण्णाकडे वळले. "काका, दुखतंय कधीपासून?"

"दसऱ्यापासून," अण्णा कुशीवर वळत म्हणाला. वैनीनं बरोबर दिलेल्या फडक्यानं तो पोट पुसत होता.

"पाच महिने? एवढे दिवस अंगावर का काढलंत? कुणाला दाखवलं नाही?"

मी सांगणारच होते. सगळं सांगायचं ठरवलं होतं, त्या पिळाचंही. पण डॉक्टरांच्या आवाजातली धार अण्णाला लागली असावी, आणि ती माझ्याकडे वळणार हेही त्याला कळलं असावं. बापाच्या माघारी तो असाच माझ्या आडवा उभा राहत आला होता. तो टेबलावर उठून बसला, सदऱ्याची बटणं लावली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मोठ्या अभिमानानं म्हणाला, "अंगावर न्हाई काढलं साहेब. ही माझी बहीण पायाळू हाय. हिचा पाय लागला की दुखणं जायचंच. हिचा पाय नसता तर मी कवाच आलो असतो तुमच्याकडं."